नळातून नुसता फेस येतोय? घरच्या ड्राफ्ट यंत्रणेतला दोष शोधण्याची पद्धत

केगच्या (दाबाखाली बिअर साठवायच्या धातूच्या पिंपाच्या) नळाखाली ग्लास धरला आणि ग्लासभर फेस, तळाशी जेमतेम दोन बोटं बिअर, अशी अवस्था झाली की बहुतेकांचा हात आधी रेग्युलेटरकडे, म्हणजे वायूच्या सिलिंडरवरच्या दाब-नियंत्रकाकडे जातो. दाब कमी केला की फेसही कमी होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण तो हात जरा थांबवा. दाब उतरवल्यानं कित्येकदा फेस वाढतो आणि काही दिवसांत बिअरही सपक होऊन बसते.

बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. थंडी आणि दाब या दोन गोष्टी त्याला आत धरून ठेवतात. वाटेत कुठेही द्रव कोमट झाला, दाब अचानक पडला किंवा खडबडीत, मळकट पृष्ठभाग लागला, की वायू सुटतो. म्हणून आपल्याला एकच प्रश्न सोडवायचा आहे: वायू नेमका कुठे सुटतोय? केगमध्ये, नळीत, टॉवरमध्ये (नळ बसवलेल्या उभ्या खांबात), नळाच्या तोंडाशी की ग्लासात? जागा सापडली की उपाय बहुधा सोपा असतो. जागा न शोधता स्क्रू फिरवत बसलात, तर आधी जे ठीक होतं तेही बिघडतं.

इथे मी बिअर धरून लिहिलंय. सोडा, कोंबुचा किंवा इतर फसफसणारी पेयं नळातून काढत असाल तर तत्त्व तेच आहे, आकडे मात्र बदलतात. सोड्याचे त्या त्या जागी सांगितलेत.

जवळ काय काय हवं

- द्रवात बुडवता येईल असा थर्मामीटर. फ्रीजच्या दारावरचा आकडा इथे उपयोगाचा नाही.
- टॉर्च. नळी पारदर्शक असेल तर हे सर्वांत कामाचं साधन.
- केगच्या ओ-रिंगचा (सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्यांचा) पूर्ण संच आणि खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस.
- पोस्ट (केगच्या माथ्यावरची वायूची आणि द्रवाची जोडणीची तोंडं) आणि नळ उघडायला योग्य मापाचे पाने.
- नळी साफ करायचं अल्कली क्लीनर, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पीएच पट्ट्या.
- साबणाचं पाणी भरलेली फवारणीची बाटली, गळती शोधायला.
- योग्य आतल्या व्यासाची जास्तीची नळी, निदान ३ मीटर.
- वही. तारीख, तापमान, दाब आणि फेस कसा आला ते लिहून ठेवायला. तिला क्षुल्लक समजू नका. दाबातल्या बदलाचा परिणाम दिसायला दिवस लागतात आणि तोवर आधी काय केलं होतं ते आठवत नाही.

सुरक्षेचं आत्ताच सांगतो. भरलेल्या कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये २० अंश सेल्सिअसला साधारण ५७ बार दाब असतो. तो उभा ठेवा आणि पडणार नाही असा बांधा. केगचा कुठलाही पोस्ट सोडवण्याआधी सुरक्षा व्हॉल्व्ह ओढून आतला दाब पूर्ण काढा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद खोलीत तळाशी साचतो, त्यामुळे सिलिंडर लहान कोंदट खोलीत असेल तर गळतीची तपासणी कधीही टाळू नका.

## १. कशालाही हात न लावता फेस नीट बघा

लागोपाठ तीन ग्लास भरा. नळ प्रत्येक वेळी पूर्ण उघडा. तिन्ही ग्लासांत काय फरक पडतो ते बघा आणि त्याच वेळी नळीवर टॉर्च धरा. निदानाचं निम्म्याहून जास्त काम इथेच होतं.

पहिला ग्लास फेसाचा, दुसरा-तिसरा चांगला. टॉवर किंवा नळ कोमट आहे. नळीत उभी राहिलेली बिअर तापली आणि तिनं वायू सोडला. पुढची बिअर थंड केगमधून येते आणि वाटेतलं सगळं थंड करत जाते, म्हणून ती नीट उतरते. पायरी २ बघा.

तिन्ही ग्लास फेसाचे आणि धार जोरात. नळी आखूड आहे, तिचा व्यास मोठा आहे किंवा दाब जास्त आहे. पायरी ३ आणि ४.

तिन्ही फेसाचे, पण धार मंद. वाटेत अडथळा आहे. मुडपलेली नळी, पॉपेटमध्ये (पोस्टमधल्या स्प्रिंगच्या झडपेत) अडकलेला हॉप्सचा कण, अर्धवट बसलेला डिसकनेक्ट (नळी पोस्टला जोडणारा तुकडा) किंवा फ्रीज फार थंड असल्यानं तयार झालेला बर्फ. अडथळ्याच्या पलीकडे दाब एकदम पडतो आणि तिथेच फेस होतो.

धार थुंकल्यासारखी तुटत, फसफसत येते. नळीत वायूचे रिकामे पट्टे आहेत. केग संपत आला असेल तर हे स्वाभाविक आहे. केग भरलेला असेल तर टॉर्चनं बघा. यंत्रणा काही तास नुसती पडून राहिल्यावर नळीच्या वरच्या वळणात पट्टे दिसत असतील, तर बिअर नळीतच वायू सोडतेय: दाब कमी आहे किंवा नळी कोमट आहे. पण ग्लास भरत असताना केगच्या तोंडापासूनच बुडबुड्यांची अखंड माळ निघत असेल, तर केगमधला वायू द्रवाच्या वाटेत शिरतोय. हा ओ-रिंगचा दोष. थेट पायरी ५ वर जा.

नळीत बिअर स्वच्छ, नळाबाहेर पडताच फेस. नळ मळला आहे किंवा कोमट आहे, धार फार वेगवान आहे, नाहीतर ग्लासात दोष आहे.

एक काळजी घ्या. केग नुकताच हलवून, गाडीतून आणून जोडला असेल तर यातलं काहीच खरं धरू नका. त्याला थंड जागी निदान २४ तास स्थिर राहू द्या आणि मग बघा. कोमट आणलेला केग बाहेरून गार लागला तरी त्याचा मधला भाग गार व्हायला तेवढा वेळ लागतोच.

## २. तापमान: द्रवाचं मोजा, हवेचं नको

ग्लासभर पाणी केगशेजारी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचं तापमान घ्या. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना फ्रीजमधली हवा सारखी खालीवर होते. पाण्याचा आकडा केगमधल्या बिअरच्या जवळचा असतो. ३ ते ४ अंश सेल्सिअस मिळाले तर उत्तम.

आता पहिल्या आणि दुसऱ्या ग्लासातल्या बिअरचं तापमान वेगवेगळं घ्या. पहिला ग्लास दुसऱ्यापेक्षा चांगलाच कोमट असेल, तर दोष टॉवरमध्ये आहे.

हा फरक किती महागात पडतो, ते आकड्यांत बघा. लागर आणि एल या नेहमीच्या बिअरच्या प्रकारांमध्ये वायूचं प्रमाण साधारण २.५ व्हॉल्यूम असतं, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू. तो धरून ठेवायला ४ अंशांना सुमारे १२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं एकक) दाब पुरतो. १० अंशांना साडेसतरा लागतात. २० अंशांना जवळजवळ २८. तुमचा रेग्युलेटर १२ वर आहे आणि टॉवर खोलीइतका उबदार, मग तिथली बिअर वायू सोडणारच. ग्लासाला कितीही तिरपं धरलं तरी याला इलाज नाही.

उपाय सोपा आहे. फ्रीजच्या तळाशी एक छोटा पंखा बसवा आणि त्याची हवा लवचीक पाइपमधून टॉवरच्या माथ्यापर्यंत न्या. हवा परत खाली यायला वाट मोकळी ठेवा. टॉवरला आतून इन्सुलेशन द्या. नुसत्या इन्सुलेशनवर भागत नाही, त्यानं टॉवर तापायला जास्त वेळ लागतो एवढंच. थंड हवा वर पोचलीच पाहिजे. याच पंख्यामुळे फ्रीजचा तळ गार आणि माथा कोमट ही तफावतही कमी होते. केगच्या यंत्रणेत एकच सुधारणा करायची असेल तर मी पंखा सुचवेन.

नळी फ्रीजच्या आत राहील अशी वेटोळी करून केगच्या माथ्यावर ठेवा. ती गरम भिंतीला चिकटलेली किंवा दाराच्या फटीत दबलेली नको.

सगळंच फार थंड करून फेस मारता येईल, असंही समजू नका. साधारण ५ टक्के अल्कोहोलची बिअर उणे २ अंशांच्या आसपास गोठायला लागते, आणि बर्फाचे कण नळीत आले की फेस आणखी वाढतो.

## ३. दाब: केगला हवा तेवढा, आपल्याला वाटतो तेवढा नव्हे

तापमान स्थिर झाल्यावरच दाबाकडे वळा. ४ अंशांना सुरुवातीचे आकडे असे धरा:

- कमी फसफसणारी, इंग्लिश धाटणीची एल, सुमारे २ व्हॉल्यूम: ७ पीएसआय
- नेहमीची लागर किंवा एल, सुमारे २.५ व्हॉल्यूम: १२ पीएसआय
- गव्हाची बिअर, सुमारे ३ व्हॉल्यूम: १७ ते १८ पीएसआय
- सोडा, सुमारे ४ व्हॉल्यूम: २८ पीएसआय

उंचावर राहत असाल तर दर ६०० मीटरमागे साधारण १ पीएसआय वाढवा. गेज (दाबमापक) बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो आणि उंचावर ती हवा विरळ असते.

या पायरीवर तीन सापळे आहेत.

पहिला सुरुवातीलाच सांगितला. २.५ व्हॉल्यूमची बिअर ५ पीएसआयवर ठेवली की जास्तीचा वायू तिच्यातून निघू लागतो, आणि नळीतही निघतो. थुंकणारी धार बघून तुम्ही दाब आणखी उतरवता आणि फेस आणखी वाढतो. हे चक्र मोडायचं असेल तर दाब योग्य आकड्यावर परत न्या आणि काही दिवस थांबा.

दुसरा सापळा रेग्युलेटरचा. स्क्रू उलटा फिरवला म्हणून केगमधला दाब उतरत नाही. आत कोंडलेला वायू सुरक्षा व्हॉल्व्ह ओढून काढावा लागतो, त्यानंतरच नवा आकडा लागू होतो. शिवाय वायूच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह नसेल, तर केगचा दाब वरचढ ठरून बिअर उलटी रेग्युलेटरकडे जाऊ शकते. म्हणून आधी वायूचा डिसकनेक्ट काढा, केगचा दाब सोडा, रेग्युलेटर नव्या आकड्यावर लावा आणि मग पुन्हा जोडा.

तिसरा सापळा म्हणजे रेग्युलेटरच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवणं. केग काढून रेग्युलेटर १० वर ठेवा, सिलिंडर चालू राहू द्या आणि काही तासांनी बघा. सुई आपोआप वर सरकली असेल तर आतली सीट (झडप टेकते ती बैठक) झिजली आहे आणि केगला तुमच्या नकळत जास्त दाब मिळतोय. असा रेग्युलेटर दुरुस्त करा किंवा बदला.

## ४. नळीची लांबी

केगमधला १२ पीएसआय दाब नळापर्यंत पोचेतो जवळजवळ संपायला हवा. तो संपवण्याचं काम नळीच्या आतलं घर्षण करतं. नळी आखूड असेल तर उरलेला दाब नळाच्या तोंडाशी एकदम सुटतो आणि फेस होतो.

विकत घेतलेल्या तयार यंत्रणांमध्ये बऱ्याचदा दीड मीटरच्या आसपासची नळी दिलेली असते. ४.८ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या विनाइल नळीसाठी ती सहसा अपुरी पडते. १२ पीएसआयला ३ मीटरपासून सुरुवात करा. आतला व्यास ४ मिलिमीटर असेल तर घर्षण बरंच वाढतं आणि दीड-दोन मीटर पुरते. ६ मिलिमीटरहून रुंद नळी घरच्या छोट्या अंतरासाठी घेऊच नका, तिच्यात घर्षण फार कमी असतं. सोड्याच्या दाबाला मात्र ४.८ मिलिमीटरची ६ ते ८ मीटर नळी लागते.

गणिताची सूत्रं वापरून लांबी काढणाऱ्यांना एक सूचना: छापील घर्षणाचे आकडे घेतले की उत्तर हमखास आखूड येतं. लांब नळीचा तोटा एकच, धार थोडी मंदावते. आखूड नळीचा तोटा तुम्ही ग्लासात बघताच आहात. तेव्हा लांब घ्या आणि धार फारच मंद वाटली तर १५-१५ सेंटिमीटर कापत जा. प्रत्येक वेळी केगचा डिसकनेक्ट काढा आणि नळ उघडून नळी रिकामी करा, मगच कापा.

धारेचा वेग तपासायचा तर अर्धा लिटर भरायला सुमारे ८ सेकंद हे व्यावसायिक मोजमाप आहे. घरी १० ते १२ सेकंद लागले तरी काही बिघडत नाही. नळ केगच्या मध्यापेक्षा बराच उंच असेल तर दर मीटर चढाला जवळजवळ दीड पीएसआय दाब खर्च होतो, तेवढी नळी कमी चालते.

## ५. ओ-रिंग आणि केगचे सांधे

कॉर्नी केग (वर दोन पोस्ट असलेला, घरी वापरतात तो केग) वापरणाऱ्यांसाठी ही पायरी फार महत्त्वाची आहे. द्रवाच्या पोस्टखाली, डिप ट्यूबच्या (केगच्या तळातून बिअर वर आणणाऱ्या नळीच्या) गळ्याभोवती एक लहानशी ओ-रिंग असते. ती चिरली, सुकली किंवा बसवायची राहिली, तर केगच्या वरच्या भागातला वायू तिथून द्रवात घुसतो. बाहेर गळती दिसत नाही, साबणाच्या पाण्यानंही सापडत नाही, कारण सगळं केगच्या आत घडतं. तापमान, दाब, नळी सगळं बरोबर असूनही एकाच केगमधून फेस येत असेल, तर आधी संशय हिच्यावर घ्या.

दाब पूर्ण सोडा, द्रवाचा पोस्ट उघडा, डिप ट्यूब बाहेर काढा. ट्यूबच्या गळ्याशी तडा आहे का बघा. ओ-रिंग नुसती पुसून परत लावू नका, नवी घाला आणि ग्रीसचा पातळ हात द्या. पॉपेटची स्प्रिंग आणि रबर तपासा. वायूचा आणि द्रवाचा पोस्ट दिसायला सारखे असले तरी त्यांची अदलाबदल करू नका. व्यावसायिक केगवरचा कपलर (वायू आणि बिअरच्या नळ्या केगला जोडणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या खालच्या टोकाचं सील आणि आतले वॉशर तपासा.

हे झालं की बाहेरचे सांधे साबणाच्या पाण्यानं बघून घ्या. त्या गळतीनं सहसा फेस होत नाही, पण सिलिंडर रिकामा होतो.

## ६. सफाई

नळीत आणि नळात जमणारं यीस्ट, प्रथिनं आणि खनिजांचा थर खडबडीत असतो आणि त्यावर बुडबुडे धरतात. व्यावसायिक नियम दर १४ दिवसांनी अल्कली क्लीनर आणि दर तीन महिन्यांनी आम्ल क्लीनर असा आहे. घरी वापर कमी असला तरी निदान प्रत्येक केग बदलताना सफाई करा.

आधी पाण्यानं धुवा. क्लीनर पाकिटावर दिलेल्या प्रमाणात कोमट पाण्यात कालवा आणि नळीत भरा. पंपानं फिरवत असाल तर १५ मिनिटं, नुसतं भरून ठेवत असाल तर २० मिनिटं. मग भरपूर पाणी सोडा, आणि नळीतून येणाऱ्या पाण्याचा पीएच घरच्या साध्या पाण्याइतका होईपर्यंत थांबू नका. अल्कली आणि आम्ल क्लीनर कधीही एकत्र करू नका, आणि दोन्ही क्लोरीनच्या ब्लीचपासून लांब ठेवा.

नळ मात्र सुटा करून प्रत्येक भाग ब्रशनं घासावाच लागतो. नुसतं क्लीनर सोडून नळाच्या आतला चिकटा निघत नाही. ज्यांचा आतला दांडा (शाफ्ट) मागच्या टोकाला वाट बंद करतो, अशा जुन्या पद्धतीच्या नळात प्रत्येक ग्लासानंतर बिअर वाळत राहते, तिथे ही काळजी दुप्पट घ्या.

## ७. नळ आणि ग्लास

नळ एका झटक्यात पूर्ण उघडा. फेस दिसला की घाबरून नळ अर्धा मिटण्याची सवय असेल तर ती सोडा. अरुंद फटीतून बिअर खवळते आणि फेस दुप्पट होतो. ग्लास ४५ अंशांत धरा, नळाचं तोंड ग्लासाला किंवा बिअरला लागू देऊ नका आणि अर्ध्यापेक्षा जास्त भरला की सरळ करा.

ग्लास फ्रीझरमध्ये गोठवू नका. त्यावरच्या बर्फाच्या कणांवर वायू सुटतो. भरण्याआधी ग्लास थंड पाण्यानं विसळा, तेवढं पुरतं.

## ८. केगच जास्त फसफसला असेल तर

घरी बनवलेल्या बिअरमध्ये हे बरंच दिसतं. दाब जास्त ठेवून केग हलवला किंवा आंबणं पूर्ण होण्याआधी भरला, की वायू प्रमाणाबाहेर विरघळतो. खात्री करायची असेल तर वायू तोडून केग ४ अंशांना एक दिवस ठेवा आणि वायूच्या पोस्टवर गेज लावा. २.५ व्हॉल्यूमच्या बिअरला १२ च्या आसपास दिसायला हवेत. १८-२० दिसले तर बिअरमध्ये वायू जास्त आहे.

वायू तोडलेलाच ठेवा. सुरक्षा व्हॉल्व्ह हळूहळू ओढा. केग काठोकाठ भरलेला असेल तर घाईत तिथूनच फेस उसळतो. काही तासांनी परत ओढा. असं दिवस-दोन दिवस करा, अधूनमधून गेज बघा, आणि आकडा जुळला की योग्य दाबाला वायू जोडा. तोडलेला असतानाही आकडा रोज चढत असेल तर आत आंबणं चालू आहे. तो केग थंडच ठेवा आणि लवकर संपवा.

## ९. तरीही फेस थांबत नसेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा, आणि बदलाला वेळ द्या: तापमानाला २४ तास, दाबाला काही दिवस.

दुसरा केग किंवा दुसरा नळ हाताशी असेल तर अदलाबदल करून बघा. तोच केग दुसऱ्या नळीवर लावल्यावरही फेसच येत असेल, तर दोष केगमध्ये: पायरी ५ आणि ८ पुन्हा करा. दुसऱ्या नळीवर तो नीट उतरत असेल, तर पहिली नळी आणि नळ. विनाइल नळी वर्षभर वापरली असेल तर साफ करत बसण्यापेक्षा सरळ नवी टाका. रूट बिअरसारखं तीव्र वासाचं पेय ज्या नळीतून गेलंय ती बिअरसाठी पुन्हा वापरू नका, तो वास जात नाही.

प्रवाह कमी-जास्त करता येणारा नळ मिळतो. एकाच यंत्रणेतून बिअर आणि सोडा दोन्ही काढणाऱ्यांना तो खरंच कामाचा आहे. पण टॉवर कोमट असताना किंवा ओ-रिंग फाटलेली असताना तो लावून काहीच साधत नाही, म्हणून वरच्या पायऱ्या संपल्यावरच त्याचा विचार करा.